मस्कतची गाडी आणि परंड्याचे कान

२ जानेवारी, गुरुवार

बार्शीच्या स्पेअर पार्टवाल्यानं यंदाही डायरी पाठवून दिली. गॅरेज बंद करून मला दोन वर्षं झाली, आता मी त्याच्याकडून साधा नटसुद्धा घेत नाही, तरी पाठवतो. भला माणूस. मागच्या दोन डायऱ्यांची पानं म्हाळसाबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, डब्यांच्या तळाशी घातली. ही मात्र मी तिच्या हाती लागू दिलेली नाही, कारण काम आलं आहे.

काम करिश्माचं. करिश्मा म्हणजे आमची एकुलती एक लेक. जनावरांची डॉक्टर आहे, मस्कतला एका कंपनीत. दोन वर्षं झाली तिला तिकडं जाऊन. कंपनीला डोंगरातल्या वाड्यांवर फिरून शेळ्या तपासायला डॉक्टर पाहिजे. दोन फेब्रुवारीला ज्याच्याकडं स्वतःची फोर व्हील, म्हणजे चारही चाकांना ओढ असलेली गाडी पासिंग होऊन उभी असेल, त्याला ते काम. नसेल त्यानं गोदामात बसून लसीच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, जे ती सध्या करते. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शेळ्यामेंढ्या राखल्या, आणि त्या घरातली डॉक्टर झालेली पोरगी शेळीला हात न लावता दिवस काढते. तिला ते सहन होत नाही. मलाही होत नाही.

नवी गाडी परवडत नाही. तिकडं जुन्या जपानी गाड्यांवर सगळ्यांच्या उड्या, म्हणून त्याही आवाक्याबाहेर. राहिली जुनी अमेरिकन. करिश्मा म्हणाली, "आप्पा, तुमीच निवडून द्या. अमेरिकन जीप तुमच्याएवढी कुणाला कळती?"

खोटं कशाला लिहू, छाती फुगली. मी शाळा सातवीत सोडली, पण चौदाव्या वर्षी अमेरिकन जीपखाली आडवा झालो तो साठी ओलांडेपर्यंत. त्या काळात परंडा तालुक्यात डिस्पोजलच्या, म्हणजे लष्करानं विकून टाकलेल्या चार जीपा होत्या, डाव्या हाताच्या स्टिअरिंगच्या. लोक म्हणायचे, रामहरी मिस्त्री बोनेट उघडत नाही, आधी कान देतो. गाडी वेशीत शिरली की मी आतून सांगायचो काय बिघडलंय ते.

एक मात्र आहे, या फोन कंपन्यांचं काही खरं नाही. आवाज फार बारीक येतो. म्हाळसाबाई शेजारी बसून पोरीचं प्रत्येक वाक्य मला मोठ्यानं परत सांगते. मधे बोलल्याशिवाय तिला करमतच नाही.

४ जानेवारी

करिश्मा म्हणाली, बघाल त्या गाडीचं लिहून ठेवा, म्हणजे घोटाळा होणार नाही. म्हणून लिहितो.

लाल गाडी. आठ सिलिंडर, अवाढव्य. फोटोत चारही टायर चार जातीचे. फोर व्हीलला चारी टायर एकसारखे नसले की आतले गिअर एकमेकांशी भांडत बसतात. रद्द.

तिला काय काय बघायचं ते सांगितलं: इंजिन थंड असताना चालू कर, धुराचा रंग बघ, ऑईलची पट्टी काढून दोन बोटांत ऑईल चोळ, खाली वाकून चासीचा गंज बघ, मोकळ्या रेतीत खालचा गिअर टाक. म्हाळसाबाई शेंगा फोडत ऐकत होती. म्हणाली, "आपलं लगीन जमवताना यातलं निम्मं जरी बगितलं असतं, तर मी वाचले असते."

मी म्हटलं, "तुझ्या बापानं माझ्या चासीला हात लावून बघितला होता." हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

१० जानेवारी, शुक्रवार

शुक्रवारी तिकडं सुट्टी. आज पांढरी गाडी बघितली. पंचवीस-सव्वीस वर्षांची, सहा सिलिंडर एका ओळीत. माझ्या आवडीचं इंजिन. समुद्राकाठच्या एका व्यापाऱ्याकडं आहे. रंग असा की त्यात तोंड बघावं. करिश्मानं फोनवर चित्र दाखवत सगळीकडून फिरवली. आसनं नवी, धूर नाही, चासीला थोडा गंज. ऑईल तिनं बोटांत चोळलं आणि म्हणाली, "आप्पा, काकवीवानी घट्ट हाय." मी म्हटलं, उष्ण मुलूख आहे, घट्टच घालत असतील.

मग तिनं फोन इंजिनाजवळ धरला. मी डोळे मिटून ऐकलं. सुरेख. कुठं खरखर नाही, कुठं टिकटिक नाही. इतकं शांत इंजिन मी गॅरेजात फार थोडं ऐकलं असेल.

ती म्हणाली, "खालनं काय ऐकू येतंय का?"

"काय न्हाय."

"नीट ऐका की. अर्धा तास पळवून आणलीय आता. मला कायतरी ठकठक वाटतंय."

"फोनचा आवाज असंल त्यो."

तिनं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी चिडलो. म्हटलं, "शेळ्यांची डॉक्टर हायस का मिस्त्री? मला शिकवू नको."  ती म्हणाली, बरं, व्यापारी १९ तारखेपर्यंत थांबायला तयार आहे.

लहानपणी अशीच होती. शाळा सुटली की गॅरेजच्या दारात उभी. हे काय, ते कशाला. पाना हातात घ्यायची. मी हाकलून द्यायचो. पोरीनं तेलात हात घातले तर शिकणार कधी? त्याचा फायदाच झाला. डॉक्टर झाली.

११ जानेवारी

करिश्मानं पांढऱ्या गाडीच्या आवाजाचं रेकॉर्डिंग पाठवलं. सकाळभर ऐकलं. उत्तम.

म्हाळसाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. जवळ येऊन म्हणाली, "तुमाला बरा वाटतोय का आवाज?"

म्हटलं, "एकदम ठाकठीक."

आत निघून गेली. दुपारी माझ्यासमोर बसून पोरीला फोन लावला आणि दोघी कुजबुजत राहिल्या. माझ्यापासून हाताच्या अंतरावर! हल्ली सगळ्यांनाच हळू बोलायची सवय लागली आहे. म्हणूनच यंदा येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, येडशीला गेलो नाही. येडशीचा कल्याणप्पा आणि मी एकाच उस्तादाकडं शिकलो. त्याच्या शेतात दर येळवशीला, सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेल्या भज्जीची पंगत असते. दरवर्षी जायचो. पण तिथं सगळे एकदम बोलतात, कुणाचं काही कळत नाही, मग आपण नुसतं हसून मान हलवायची. डोकं उठतं.

१४ जानेवारी

संक्रांत. शेजारची चन्नम्मा तिळगूळ देऊन गेली. लेकीची आठवण आली.

१६ जानेवारी, गुरुवार

कामावरून सुटून करिश्मा एक हिरवी गाडी बघून आली. इंजिन पांढऱ्याच्याच जातीचं, पण निझवा नावाच्या गावातली. ते समुद्रापासून लांब आहे. मालक शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. फोटो बघून मला शिसारी आली. टपाचा रंग उन्हानं पार सोलून निघालेला, आसनं फाटलेली, एक दिवा पिवळा पडलेला. मी म्हटलं, असल्या खरजुल्या गाडीत माझी पोरगी बसणार नाही.

ती म्हणाली, "आप्पा, चालवायला लई सरळ हाय. गंज तर अजाबात न्हाय."

"पांढरी घे."

"नक्की?"

"नक्की."

"बरं. तुमी म्हणाल ती. रविवारी पैसे भरते."

तुम्ही म्हणाल ती. हे ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं. पण रात्र झाली तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही. तिची दोन वर्षांची कमाई आहे ती. आणि पैसा गेला तर एक वेळ परत मिळवता येईल, पण त्या डोंगरात मैलोन्‌मैल माणूस नाही असं तीच सांगते. गाडी मधेच बसली तर? मी तर आवाज ऐकला आहे, मग भीती कसली?

१७ जानेवारी

आज एक विचित्र गोष्ट झाली. म्हाळसाबाई परसात कपडे वाळत घालत होती आणि मी स्वयंपाकघरात, कुकरशेजारी भाजी निवडत बसलो होतो. ती पळत आत आली आणि गॅस बंद केला. डाळ करपली होती. म्हणाली, "सात शिट्ट्या झाल्या! हितं बसून काय करताय?"

एकही झाली नव्हती. मी म्हटलं, शिट्टी बिघडली आहे. मिस्त्री आहे मी, लगेच काढली, सुईनं भोक साफ केलं, धुतली, पुन्हा बसवली, नुसतं पाणी घालून कुकर चढवला आणि समोर पाट मांडून बसलो. शिट्टी वर उचलली गेली. वाफ सुटली. आवाज काही आला नाही. पुन्हा उचलली. वाफ येते, आवाज येत नाही. म्हटलं, बघ, बिघडलेलीच आहे.

मागं वळून बघितलं तर म्हाळसाबाईनं पदरानं कान झाकले होते.

मी गॅस बंद केला.  जेवण झालं नाही नीट. म्हणजे किती दिवसांपासून? फोन, पंगत, टीव्ही, सगळं माझ्याच कानाचं? आणि मग ती गाडी?

मला आता भीती वाटते आहे. उद्या येडशीला जातो.

१८ जानेवारी, शनिवार

सगळं लिहितो, एकही गोष्ट न गाळता.

पहिल्या एसटीनं बार्शी, तिथून येडशी. कल्याणप्पाचं गॅरेज हायवेला लागून आहे. मला बघून म्हणाला, "येळवशीला आला न्हाईस, आता तरी मूठभर भज्जी मिळंल म्हणून आलास व्हय?" हे मला कळलं, कारण आज मी त्याच्या ओठांकडं बघत होतो. बहुतेक वर्षभर तसंच करतोय, लक्षात आज आलं.

मी म्हटलं, "कल्याणप्पा, एक आवाज ऐकायचाय. तू ऐक आन्‌ मला सांग."

त्यानं माझ्याकडं बघितलं. चाळीस वर्षांत मी त्याला असं कधी म्हटलं नव्हतं. उलट तोच गाड्या घेऊन परंड्याला यायचा. त्यानं फोन कानाला लावला, कपाळाला आठ्या पडल्या. म्हणाला, फोनच्या एवढ्याशा भोकातून खालचा आवाज पुरता येत नाही, थांब. त्याच्या गॅरेजात बसवेश्वर जयंतीच्या मिरवणुकीचा मोठा स्पीकर ठेवलेला असतो, माणसाच्या छातीएवढा. त्यानं माझा फोन त्याला बिनतारी जोडला आणि बटण फिरवलं.

मला घरघर ऐकू आली, बस. पण कल्याणप्पाचा चेहरा पडला. तो काही बोलायच्या आधी मी स्पीकरवर तळहात ठेवला. का ठेवला माहीत नाही. गॅरेजात इंजिनावर हात ठेवायची सवय, दुसरं काय.

हाताला ठोका लागला. घरघरीच्या खाली, ठक, ठक, ठक. जड, एकसारखा, मधेच दुहेरी. पन्नास वर्षं ज्याला घाबरलो तोच. 

"खालचं बेरिंग," मी म्हटलं.

"खालचंच. घट्ट ऑईल घालून दाबलंय," कल्याणप्पा म्हणाला. "डोंगर चढताना पिस्टनचा दांडा इंजिन फोडून भाईर यील."

काकवीसारखं घट्ट ऑईल. पोरीनं सांगितलं होतं. ठकठक येते हेही तिनं सांगितलं होतं, तीन वेळा. आणि मी तिला काय म्हणालो ते वर लिहिलेलं आहे, मागं जाऊन वाचायची हिंमत नाही.

पैसे उद्या भरायचे होते. मी तिथूनच फोन लावला. तिनं उचलला तेव्हा गॅरेज दणाणलं. फोन अजून त्या स्पीकरलाच जोडलेला! कल्याणप्पा तो बंद करायला धावला, पण मी हात धरला. कित्येक महिन्यांनी पोरीचा आवाज मला धड ऐकू आला होता.

मी म्हटलं, "करिश्मा, पांढरी घेऊ नको. तिचं बेरिंग गेलंय. तुला ऐकू आलं ते खरं हुतं. मला ऐकू आलं न्हाय. मला ऐकूच येत न्हाय, बाळा."

समोर चहाच्या टपरीवर माणसं उठून उभी राहिली. सगळ्या येडशीनं ऐकलं असेल पुढचं.

"आप्पा," ती म्हणाली, "मला म्हाईत हाय. आईनं सांगितलं. पर तुमी एवढं नक्की म्हणलात, तवा मला वाटलं, कान गेला तरी आप्पांचं डोकं चुकणार न्हाय. माझंच चुकत असंल. उद्या भरणार हुते मी पैसे."

"आगं, पर तुला त्यो आवाज कळला कसा?"

 मग ती म्हणाली, "तुमी हाकलून द्यायचा तवा मी घरी कुठं जायचे? गॅरेजच्या मागल्या पत्र्याला पाठ लावून बसायचे. धाव्वीपर्यंत सगळा अभ्यास तिथंच केलाय. तुमी आत बोलायचा, ह्ये टापेट, ह्ये बेरिंग. पत्र्यातनं सगळं ऐकू यायचं."

मला रडू आलं. हायवेवर, दिवसाढवळ्या, परक्या माणसांसमोर. कल्याणप्पानं मान वळवली आणि उगाच एक पाना पुसत बसला. गॅरेजच्या मागं गोखरूच्या काट्यांचं रान होतं. त्यात बसायची.

१९ जानेवारी

म्हाळसाबाईला म्हटलं, "तुला म्हाईत हुतं तर बोलली का न्हाईस?"

म्हणाली, "धा येळा बोलले. तुमाला ऐकू आलं न्हाय."

 दोघं हसत सुटलो. मग तीही रडली थोडी.

तिनं कबूल केलं की ११ तारखेच्या त्या फोनवर पोरीला माझ्या कानाचं सांगून, एवढ्यात पैसे भरू नकोस, असं तिनंच म्हटलं होतं.

२१ जानेवारी

पांढरी रद्द, आता हिरवीच राहिली, पण आज दुपारपर्यंत तिचं काही कळलं नाही. करिश्माला भीती वाटते आहे की मास्तरनं हिरवी विकली असेल. मी दोन दिवस फोटो बघतोय. रंग सोडला तर नाव ठेवायला जागा नाही. चासी कोरडी, चार टायर एका जातीचे. तोंड बघून नाकारली मी.

संध्याकाळी तिचा फोन आला. गाडी आहे. शुक्रवारी सबंध दिवस दिली आहे बघायला. मी सांगितलं, हातभर लांब दांड्याचा पेचकस विकत घे.

२४ जानेवारी, शुक्रवार

असला दिवस मी आयुष्यात बघितला नाही.

बाज अंगणात काढली, कारण घरात रेंज नीट मिळत नाही. फोन उशीला टेकवून ठेवला. करिश्मानं आधी तासभर गाडी पळवून इंजिन चांगलं तापवलं, कारण खालचं बेरिंग गरम झाल्यावर खरं बोलतं. पांढरीच्या वेळी हे मी सांगितलं नव्हतं, तरी तिनं आपणहून गाडी पळवून तापवली होती. मग मी सांगितलं, पेचकसाचं टोक इंजिनावर टेकव, मूठ कानामागच्या हाडाला लाव, आणि जो आवाज येईल तो मला तोंडानं करून दाखव.

आता अडचण अशी की तिनं तोंडानं केलेला आवाज मला कसा ऐकू यावा? म्हणून म्हाळसाबाई मधे. तिकडं पोरगी करणार, इकडं ही माझ्या कानाशी ओरडून करणार.

"वर टेकवलंय आप्पा. टिकटिकटिक, बारीक, पटपट."

"टिक टिक टिक टिक!" म्हाळसाबाई ओरडली.

"टापेट. चालंल. खाली ये."

"हूंऽऽ, नुसतं हूं."

"हूंऽऽऽ!" बायको माझ्या कानात हंबरली. चन्नम्मा कुंपणावरून डोकावली आणि विचारलं, "मावशी, काय झालं? म्हस आजारी हाय का?"

"गप, गाडी बघायलोय!" म्हाळसाबाई म्हणाली आणि पुन्हा हंबरली.

मग सहाही प्लगांच्या वायरी एकेक करून काढायला लावल्या. बेरिंग वाईट असेल तर त्या सिलिंडरची वायर काढल्यावर ठोका नरम पडतो. कुठंच ठोका नव्हता, तर पडतो काय. रेतीत खालचा गिअर टाकला, गाडी मुकाट्यानं चढली आणि उतरली. मी प्रश्न विचारत गेलो, ती सांगत गेली. माझ्या डोक्यात गाडी उभी राहिली, तळापासून टपापर्यंत, जशी पूर्वी राहायची. कान नसताना.

शेवटी स्टिअरिंग पुरतं एका बाजूला वळवून गोल फिरवायला सांगितलं. ती थांबली. म्हाळसाबाईला काहीतरी सांगितलं. बायको म्हणाली, "टाक. टाक. टाक. अशी म्हणती. फुडल्या डाव्या चाकातनं."

 पांढरीनं पोळलं होतं. मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे. सोड ही बी. पुढल्या महिन्यात बघू दुसरी."

"पुढल्या महिन्यात काम न्हाय, आप्पा," ती म्हणाली, आणि हे मला बायकोच्या मदतीशिवाय तिच्या तोंडावरूनच कळलं. "आन्‌ ह्यो बेरिंगचा आवाज न्हाय. एक्सलचा क्रॉस हाय ह्यो, चाकाजवळच्या सांध्यातला. दगडोबाकाकांच्या जीपला तुमी बदलला हुता, मी नववीत असताना. असाच वाजायचा. एका दुपारचं काम हाय म्हणला हुता तुमी."

दगडोबा सरपंचाची जीप. बदलला होता मी. मला आठवायला दोन मिनिटं लागली, तिला लागली नाहीत.

पण मी आवाज ऐकलेला नव्हता. तिनं केलेली नक्कल, आणि त्या नकलेची बायकोनं केलेली नक्कल, एवढ्यावर हो म्हणायचं? चुकलं तर पोरगी डोंगरात अडकणार. नको म्हटलं तर काम जाणार. बाजेचा दोर धरून बसलो. पन्नास वर्षं मी शेवटचा शब्द सांगत आलो आणि लोक तो घेऊन घरी गेले. आज तो शब्द माझ्याकडं नव्हता. कुणाकडं आहे ते दिसत होतं.

म्हटलं, "तुझ्या कानानं ऐकलंयस. तू ठरव."

 तशी ती बोनेटवर हात आपटून म्हणाली, "घेते."

२७ जानेवारी

क्रॉस बदलला. तिथल्या गॅरेजात तिनंच मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून काढून घेतला. जुन्याचा फोटो पाठवला आहे. आतल्या सुया झिजून पीठ झालेल्या. तिनं सांगितलं तेच.

तिच्या नखांत काळं ग्रीस दिसतंय फोटोत. तीन वेळा बघितला.

३० जानेवारी, गुरुवार

पासिंग झालं! नंबर मिळाला. कंपनीनं डोंगराचं काम दिलं. गावात पेढे वाटले. दुकानदारानं विचारलं, लेकीचं लग्न ठरलं काय? म्हटलं, त्याहून मोठं.

३१ जानेवारी

बार्शीला कानाच्या डॉक्टरकडं गेलो. म्हाळसाबाईनं नेलं म्हणणं जास्त खरं. काचेच्या खोलीत बसवून कानावर झाकणं लावली आणि म्हणाले, आवाज आला की बटण दाबा. मी फार थोड्या वेळा दाबलं. डॉक्टर म्हणाले, वय आणि वर्षानुवर्षं इंजिनाशेजारी काढलेली, दोन्हींचा परिणाम. यंत्र बसवलं की बरंच ऐकू येईल. माप दिलं आहे. पंधरा दिवसांत मिळेल. एवढं सोपं होतं तर वर्षभर कुणापासून लपवत होतो?

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून दर दहा मिनिटांनी फोन उचलून बघत होतो. अकरा वाजता करिश्मानं चित्राचा फोन केला. मागं नुसता खडक आणि निळं आभाळ. गाडी वर पोचली होती. म्हाळसाबाई माझ्या कानाशी बसली.

डोंगराच्या पायथ्याशी पोलिसांची चौकी आहे, म्हणाली. फोर व्हीलच वर सोडतात. पोलिसानं टपाचा सोललेला रंग बघितला, गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, ही चढेल का वर?

"मी म्हणलं, चढंल. त्यो म्हणला, कशावरनं? मी म्हणलं, मी ऐकलीय तिला."

म्हाळसाबाईनं हे वाक्य मला सांगितलं आणि माझा चेहरा बघून ती थांबली. एवढं अभिमानाचं काही माझ्या घरात कुणी बोललं नव्हतं. मी जन्मभर लोकांना जे उत्तर देत आलो ते ती द्यायला शिकली, आणि मी ते तिला शिकवलं नव्हतं. शिकू नये म्हणून हाकलत होतो. ती पत्र्याच्या त्या बाजूला काट्यात बसून शिकली.

म्हणून म्हटलं, आजच सांगायचं. "करिश्मा, तुला गॅरेजात यू दिलं न्हाय, ते माझं चुकलं. लई मोठं चुकलं. मला माफ..."

तिचं तोंड एकदम बाजूला वळलं. कुणीतरी म्हातारी तिची बाही ओढत होती. करिश्मानं औषधांची पेटी उचलली, आणि इतक्या मोठ्यानं ओरडली की बायकोला मधे बोलावं लागलं नाही.

"आप्पा, शेळी अडलीय! वरच्या वाडीवर! माफीबिफी सांच्याला!"

"जा!" मी ओरडलो. "खालचा गिअर टाक!"

"टाकलाय!"

फोन बंद झाला. आम्ही दोघं तसेच बाजेवर बसून राहिलो. ना तिनं चहा ठेवला, ना मी उठलो. पाऊण तासानं फोटो आला. दोन करडं, अजून ओली, एक उभं राहायच्या खटपटीत. त्यांच्या खाली पोरीची ओढणी अंथरलेली. शेजारी ती गुडघ्यांवर बसलेली, कोपरापर्यंत हात भरलेले, आणि हसत होती.